इराणचा ण, चाडचा च

'चिपळूण' हा शब्द वृत्ताच्या कानाने ऐकला तर आधी दोन लघू येतात आणि मग एक गुरू: चि, प, ळूण. शेवटच्या 'ण'मधला अ बोलताना गळतो, म्हणून 'ळूण' हे एकच वजनदार अक्षर धरायचे. शाळेत 'यमाताराजभानसलगा' घोकलेल्यांना हा 'स' गण लगेच ओळखू येईल. चार 'स' गण ओळीने मांडले की तोटक वृत्त होते. तीन मांडले की इंग्रजी लिमरिकची ओळ जवळजवळ हातात येते. पुणे त्यात बसत नाही, नागपूर तर नाहीच. लिमरिकच्या चालीला महाराष्ट्रातले एखादे गाव द्यायचे झाले तर माझे मत वाशिष्ठीकाठच्या या गावाला.

लिमरिक म्हणजे पाच ओळींची चेष्टा. पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ लांब आणि एका यमकाची. तिसरी-चौथी आखूड आणि दुसऱ्या यमकाची. टाळी वाजवत म्हटले की तिची मोजणी कळते. लांब ओळीत तीन टाळ्या पडतात आणि चौथी रिकामी जाते, तिथे श्वास घ्यायचा. आखूड ओळींत दोन-दोन टाळ्या, म्हणजे दोघींच्या मिळून चार. कागदावर पाच ओळी दिसल्या तरी कान चारच मोजतो, आणि तिसरीचे दोन तुकडे झाल्यामुळे मध्येच जी घाई होते तिच्यातच गंमत असते.

हा प्रकार लोकप्रिय केला एडवर्ड लियर या इंग्रज चित्रकाराने. त्याचे 'अ बुक ऑफ नॉनसेन्स' १८४६ साली निघाले. त्याची पद्धत ठरलेली होती. पहिल्या ओळीच्या शेवटी गावाचे किंवा देशाचे नाव, पुढे त्या गावच्या माणसाचा काहीतरी वेडेपणा, आणि शेवटच्या ओळीत पुन्हा तेच नाव. स्वतः लियर या रचनांना लिमरिक म्हणत नसे. ते नाव चिकटले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आयर्लंडमधल्या लिमरिक गावावरून. मेजवान्यांत असल्या कडव्यांनंतर 'लिमरिकला येणार का' असे पालुपद म्हणत, त्यावरून ते पडले असावे अशी समजूत आहे. त्या गावाचे आयरिश नाव 'लिमनेख'च्या जवळपास आहे, आणि 'लिमरिक' हे इंग्रजांच्या कानाला ऐकू आलेले रूप. ज्या काव्यप्रकाराचे सगळे घोडे परक्या नावांवर अडते, त्याचे स्वतःचे नावही असेच वाकलेले निघावे हे मला फार आवडते.

लियर आपल्याकडे येऊन गेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या आमंत्रणावरून तो नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईला उतरला आणि वर्षभराहून अधिक काळ हिंदुस्थानभर चित्रे काढत हिंडला. त्याच्या कानावर साहेबांच्या बंगल्यातली हिंदुस्थानी भाषा पडत होती: कमरबंद, खानसामा, चपराशी, भिश्ती. अर्थ बाजूला ठेवून नुसत्या आवाजावर त्याने एक कविता रचली, 'द कमरबंड', आणि ती जुलै १८७४ मध्ये मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त छापून आली. तीत चपराशी हे सोनेरी पंखांचे मासे आहेत, खानसामे ही उंच झाडे, भिश्ती चिवचिवतात, आणि कमरबंद हा माणूस गिळणारा भयंकर प्राणी आहे. इथल्या वाचकाला हसू येते ते वेगळ्या कारणाने. शब्द आपले, पण परक्या कानात गेल्यावर त्यांचा अर्थ सुटला आणि फक्त नाद उरला. देशांच्या नावांचे आपण नेमके हेच करतो. देश दूरचा असतो, तिथे जाणे होत नाही, हाती येतो तो नाद. आणि तो आपल्या तोंडाला सोसेल असा आपण करून घेतो.

मराठीत या कुळाचा जवळचा नातलग म्हणजे वात्रटिका. वेंगुर्ल्यात १९२९ साली जन्मलेल्या मंगेश पाडगावकरांनी या नावाचे पुस्तकच लिहिले आणि रामदास फुटाण्यांनी व्यासपीठावरून वात्रटिका गावोगाव पोचवली. पण वात्रटिकेला आकाराचे बंधन नसते, तिचा डोळा शेवटच्या टोमण्यावर आणि बहुधा राजकारणावर असतो. लिमरिकला मतलब कमी, शिस्त जास्त. इंग्रजी लिमरिक आघातावर चालते आणि मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून ती मराठीत आणायची तर लघुगुरूंच्या वजनावरच आणावी लागते. 'स' गण धरून एक करून पाहिली:

कुणि सांगतसे 'चिपळूण',
कुणि ऐकतसे 'चिपळून';
  गुरुजी चिडले,
  यमकी अडले,
बसला 'ण' बिळात दडून!

'दडून'ला 'चिपळून' चालतो, 'चिपळूण' चालत नाही. निदान मोरोपंतांसारख्या यमकाच्या पक्क्या माणसाने चालवून घेतला नसता. पण कोकणात आणि देशावरही असंख्य माणसे 'ण'च्या जागी सहज 'न' म्हणतात. त्यांच्या तोंडी हे यमक निर्दोष आहे. यमकाची हीच गोष्ट भाषाभ्यासकांच्या कामाची. शुद्धलेखन दडवते ते यमक उघड करते. जुन्या कवीने कोणता शब्द कशाशी जुळवला यावरून त्याच्या काळचा उच्चार ताडता येतो, कारण लिहिताना माणूस नियम पाळतो, पण यमक जुळवताना कानाचेच ऐकतो. 'चिपळूण'ला खरीखुरी यमके हवी असतील तर लसूण आहे, खूण आहे. तरुणही आहे. लिहिताना त्याचा उकार ऱ्हस्व, पण म्हणताना प्रत्येक जण 'तरूण'च म्हणतो. हाच न्याय मोझांबिकला लावा. लिहितो 'बिक', म्हणतो 'बीक', आणि यमक जुळते ते भीक आणि पीक यांच्याशी.

बाहेरच्यांनी चिपळूणचे काय केले तेही पाहण्यासारखे आहे. रोमन लिपीत ळ आणि ल एकच, ण आणि न एकच. १८८० च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरने निदान उकारावर दीर्घत्वाची खूण दिली होती. रेल्वेच्या पाटीवरच्या रोमन अक्षरांत तीही नाही, त्यामुळे उत्तरेकडचा प्रवासी 'चिपलुन' वाचतो. त्यात त्याचा दोष काहीच नाही. त्याने आपल्या गावाचे जे केले तेच आपण इराण आणि नेपाळ यांचे करून ठेवले आहे, फक्त उलट्या दिशेने.

ते देश स्वतःला 'ईरान' आणि 'नेपाल' म्हणतात. फारसीत 'ण' नाही, नेपाळीत 'ळ' नाही. दोन्ही अक्षरे आपण पदरची घातली. फारसी 'निशान'चे निशाण झाले, तसे इराणचे झाले. पण ओमान, जपान आणि पाकिस्तान यांना मात्र तो मान मिळाला नाही. नियम शोधू जाल तर हाती लागणार नाही. जे नाव जुन्या वहिवाटीने तोंडातून तोंडात आले ते घासून मराठी झाले, आणि जे नकाशावरून किंवा वर्तमानपत्रातून आले ते तसेच राहिले, इतपतच म्हणता येते. नेपाळला तर गोपाळ आणि दुष्काळ यांची सोबत होतीच.

एक खलाशी निघाला इराण,
तिथे सारे म्हणाले 'इरान';
  म्हणे, "'ण' कुठे गेला?
  कुणी उचलून नेला?
तेवढंच माझं होतं सामान!"

हा खलाशी मी दाभोळहून निघाला असे धरतो. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथले दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर, आणि नदीतून भरतीबरोबर वर आले की गोवळकोट आणि चिपळूण. तिथून माल कुंभार्ली घाटाने देशावर चढे. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी भारतातून परत जाताना १४७२ च्या सुमारास दाभोळहूनच जहाजात बसला. त्याने आणि पोर्तुगीजांनी या गावाला 'दाबुल' केले, भ आणि ळ दोन्ही गमावून. उलट बाजूने याच किनाऱ्यावर उतरलेल्या परक्यांची नावे मराठीने आपल्या कारखान्यात घालून बाहेर काढली.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, टोपीकरांची यादी येते: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. यातले डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला १६२० पासून त्यांचे ठाणे होते, म्हणून ते यादीत आले. वलंदेज म्हणजे हॉलंडचे. हे नाव आपल्याला त्या लोकांकडून मिळाले नाही, पोर्तुगीजांकडून मिळाले. पोर्तुगीज भाषेत 'हॉलंडकर' या अर्थाच्या शब्दात सुरुवातीचा ह लिहितात पण बोलत नाहीत. कानावर 'ओलांदेज'सारखे काहीतरी पडले आणि मराठीने ओ-चा व करून 'वलंदेज' घडवले. पुढे दीडशे-दोनशे वर्षांनी तोच देश इंग्रजी पुस्तकांतून आला तेव्हा ह सकट आला: हॉलंड. एकच देश, पण दोन वेगळ्या दारांनी आल्यामुळे दोन अनोळखी नावे. 'इंग्रज' हाही पोर्तुगीजांचाच शब्द, ल-चा र होऊन आलेला. ज्यांनी दीडशे वर्षे आपल्यावर राज्य केले त्यांना आपण त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने दिलेल्या नावाने हाक मारत राहिलो, आणि त्यांची अख्खी भाषा शिकल्यावरही ते बदलले नाही.

इंग्रजीतून आलेल्या नावांची कथा वेगळी आहे, कारण तिथे कानाबरोबर लिपीचाही प्रश्न आला. देवनागरी बोलतो तशीच लिहितो, असे आपण अभिमानाने सांगतो. ते बरेचसे खरे आहे. पण च, ज, झ या तीन अक्षरांपाशी मराठी स्वतःच ते खोटे पाडते. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च वेगळे. एक टाळूवरचा, एक दातांवरचा. लिहायचे मात्र एकाच चिन्हाने. आफ्रिकेतला चाड हा देश या खड्ड्यात नेमका पडला. त्याच्यावर १९६० पर्यंत राज्य करणारे फ्रेंच हे नाव लिहिताना सुरुवातीला एक जादा 'टी' लावतात, कारण त्याशिवाय त्यांच्याकडे च उमटत नाही. आपल्याकडे च होता, पण दोन होते.

गुरुजी म्हणाले, "दाखव चाड!"
पोर म्हणालं, "कशाची चाड?"
  "अरे, आफ्रिकेमधला देश!"
  "मग च का बदलतो वेश?"
"बस खाली, फार झाले लाड!"

इथे यमकानेही हात टेकले, हे लक्षात घ्या. चाड आणि चाड, दोन्हींचा शेवट एकच. फरक शब्दाच्या तोंडाशी आहे आणि यमक शेपटीकडून पाहते. हा विनोद मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही, आणि हिंदी भाषकाला वाचूनही कळणार नाही.

झ-चे प्रकरण याहून मजेदार आहे. इंग्रजी झेडसाठी हिंदीने ज-खाली नुक्ता दिला. मराठीने आपल्या घरातला दंतमूलीय झ पुढे केला, 'झाड'मधला. झांबियाला तो छान बसतो. पण मराठीची जुनी खोड अशी की पुढे इ किंवा ई आली की हा झ टाळूकडे सरकतो. 'माझा' म्हणताना एक झ आणि 'माझी' म्हणताना दुसरा, हे प्रत्येक मराठी मूल न शिकवता करते. मग ब्राझील, न्यूझीलंड, झिंबाब्वे यांचे काय करायचे? आपल्या भाषेच्या सवयीने वाचले तर झिंबाब्वेचा झ 'झिम्मा'तला होतो. तो तसा होऊ नये म्हणून वाचणाऱ्याने आधीच नाव ऐकलेले असावे लागते. म्हणजे लिपीने उच्चार सांगायचा, तर इथे उच्चार माहीत असला तरच लिपी वाचता येते. जपानचा ज बहुतेक जण 'जपमाळे'तला म्हणतात, 'जपून'मधला नव्हे. हे आपल्याला कुणी सांगितले? कुणीच नाही.

व्ह ही मराठीची आणखी एक युक्ती. आपला व ओठ गोल करून म्हणायचा, म्हणून इंग्रजी 'व्ही'साठी आपण त्याला ह जोडला. व्हिएतनाम, बोलिव्हिया, व्हेनेझुएला. हिंदीला ही गरज वाटली नाही. हे सगळे इतक्या काळजीने केल्यावर कळते की स्पॅनिश बोलणारे लोक व्हेनेझुएलातल्या पहिल्या अक्षराचा उच्चार ब-च्या जवळ करतात आणि झेडचा स: 'बेनेसुएला'. आपली व्ह आणि झ ही दोन्ही कष्टाची अक्षरे इंग्रजांच्या उच्चाराची नक्कल आहेत, त्या देशाच्या नव्हेत. चिलीला ते चिले म्हणतात, मेक्सिकोला मेहिको, अर्जेंटिनाच्या ज-ला ख-च्या जवळचा घसा लावतात.

सर्वांत फसवे नाव मात्र पॅसिफिकमधल्या किरिबातीचे.

नकाशात वाचून 'किरिबाती'
पोराने फुगवली छाती;
  पण झाला नापास,
  उच्चार 'किरिबास',
'ती' बिचारीची झाली माती!

या बेटांना युरोपीय लोक गिल्बर्ट बेटे म्हणत. थॉमस गिल्बर्ट हा कप्तान १७८८ साली तिथून गेला होता. १९७९ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी 'गिल्बर्ट्स' हेच नाव आपल्या भाषेच्या सवयीने म्हणून आणि आपल्या पद्धतीने लिहून देशाला ठेवले. त्यांच्या लिपीत स-साठी वेगळे अक्षर नाही; त-पुढे इ आली की त-चा आवाज स होतो. म्हणून लिहायचे किरिबाती आणि म्हणायचे किरिबास. त्यांच्या एका बेटाचे नाव किरितिमाती असे लिहितात. सगळ्या 'ति'-'ती'चे स करून वाचा, 'ख्रिसमस' ऐकू येईल. इंग्रजांचे नाव या लोकांनी आपल्या तोंडाला सोसेल असे केले, जसे आपण वलंदेजांचे केले. फरक इतकाच की त्यांचे रूप जागतिक नकाशावर गेले आणि आता साऱ्या जगाला ते चुकीचे वाचावे लागते.

आपण देशाचे नाव त्यांच्यासारखे म्हणावे की आपल्यासारखे, यावर मला फारसा पेच वाटत नाही. जर्मन लोक आपल्या देशाला डॉइचलांट म्हणतात, फिनलंडचे लोक सुओमी, हंगेरीचे मॉग्यारोर्साग. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या हजारो निर्वासितांची छावणी होती. त्यांच्या भाषेत त्यांचा देश पोल्स्का. कोल्हापूरकरांनी पोलंडच म्हटले असणार, आणि त्यात आदराची कमतरता नव्हती. नाव परक्याच्या तोंडी थोडे वाकते तेव्हा ते वापरात आहे एवढेच सिद्ध होते. ज्या नावाने एखाद्या समाजाला जाणूनबुजून खाली पाहिले जाते ते बदलावे. बाकी इराणचा ण परत करण्याचे मला कारण दिसत नाही.

चिपळूण, खेड, दापोली, गुहागर या पट्ट्यातल्या घरांना तर ही चर्चा फारच पुस्तकी वाटेल. तेलाची तेजी आल्यापासून इथल्या अनेक घरांतला एखादा तरी माणूस आखातात नोकरीला गेलेला असतो. त्यांच्या तोंडी ही नावे रोजची. कागदोपत्री बहरीन असले तरी बोलताना 'बहारीन' होते आणि त्यात विनाकारण बहार येते. अरबीत त्याचा अर्थ आहे 'दोन समुद्र'. कतारचे तर आणखी गमतीचे. तिथले स्थानिक अरब बोलीत क-च्या जागी ग-सारखा उच्चार करतात, त्यामुळे आपल्या कानाला 'गितर'सारखे ऐकू येते. इंग्रजी वृत्तनिवेदकांनी या नावाचे किती तऱ्हांनी हाल केले ते २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात जगाने ऐकले. आपण 'कतार' म्हणून 'सतार'शी यमक जुळवून मोकळे झालो.

त्याच वर्षी जूनमध्ये तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रांना कळवून आपले नाव अधिकृतपणे 'तुर्किये' करून घेतले. इंग्रजीत त्यांच्या देशाचे नाव आणि एका पक्ष्याचे नाव एकच होते, ते त्यांना खुपत होते. मराठीत ही अडचण कधीच नव्हती, तरी मराठी वर्तमानपत्रांत नवे नाव दिसू लागले आहे. स्वाझीलंडने २०१८ मध्ये एस्वातिनी केले तेव्हा आपल्याला हरकत घ्यायला जागा नव्हती, कारण जुने नावही आपण उसनेच घेतलेले होते. तुर्कस्तान मात्र आपला जुना शब्द, आणि लिमरिकवाल्यांच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचा आहे. तुर्कस्तानला पान, कान, छान, मान, वाण्याकडचे सामान अशी यमके रांगेत उभी होती. तुर्कियेला सुचतात ती एवढीच: लवकर ये, चहाला ये, आणि येताना पावशेर लसूण घेऊन ये.